पत्र कुणाच्या पाठीमागे पडत नाही

पहाटे 5.15

शनिवारची शाळा सकाळची. साडेसातच्या आत बोईसरला पोचायचं, म्हणजे पालघरहून निघायची घाई असते. पिशवी रात्रीच भरून ठेवते. आज तिच्यात एक मोठा रुमाल आहे, चिंचोक्यांची पुरचुंडी आहे, झाकणाला चीर पाडलेले चार डबे आणि खडू. पुस्तक एकही नाही. पहिली ते आठवीसाठी सरकारने 2024 मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आणला. तेव्हापासून या दिवशी दप्तराला सुट्टी असते आणि मीना-राजू मंचाला सलग वेळ मिळतो. आमच्या शाळेत मंचाची सुगमकर्ती मी आहे.

मीना ही युनिसेफने 1990 च्या दशकात दक्षिण आशियातल्या मुलींसाठी घडवलेली कार्टूनमधली मुलगी. राजू तिचा भाऊ, मिठू तिचा पोपट. शाळेत जायचा हट्ट धरणारी, मोठ्यांना प्रश्न विचारणारी. तिच्या नावाचा मंच आपल्याकडे उच्च प्राथमिक वर्गांत चालतो. मंचात मुलगेही असतात, पण काही बैठका मी फक्त मुलींच्या घेते. अकरा-बारा वर्षांच्या मुली मुलांसमोर जे बोलणार नाहीत, ते बोलायला त्यांना कुठेतरी जागा हवी.

सकाळी 6.20

डहाणू लोकल. ही गाडी 2013 मध्ये सुरू होईपर्यंत आमच्याकडच्या बायकांचं सगळं वेळापत्रक मोजक्या शटल आणि पॅसेंजर गाड्यांवर टांगलेलं होतं. बायकांच्या डब्यात आता तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या बायका असतात, नर्स असतात, माझ्यासारख्या शिक्षिका असतात. मध्ये एकच उमरोळी लागतं. तेवढ्या वेळात मी आजची बैठक डोक्यात एकदा चालवून बघते.

या आठवड्यात काय झालं ते आधी सांगायला हवं. बुधवारी पोषण आहाराची पंगत बसली होती. सहावीतली एक मुलगी ताट घेऊन बसली आणि तिच्या डाव्या-उजव्या बाजूची ताटं हळूच सरकली. तिची आई मासे विकते. पहाटे आईबरोबर टोपल्या उचलून ही शाळेत येते. एकीने ओढणी नाकाला लावली, दुसरी खाली मान घालून हसली. कुणी एक शब्दही बोललं नाही. वाढणाऱ्या ताईंच्या ते लक्षातही आलं नाही. ही मुलगी मान खाली घालून भराभर जेवली आणि सगळ्यांत आधी हात धुवायला गेली.

मुलग्यांची मारामारी झाली की शर्टाचं बटण तुटतं, ओरडा होतो, कुणीतरी धावत बाईंना बोलवायला येतं. मुलींचं असं नसतं. ताट सरकवायचं, गटातून नाव वगळायचं, ती आली की बोलणं थांबवायचं. अमेरिकेतल्या निकी क्रिक या संशोधिकेने 1995 मध्ये हे मांडलं की नातं तोडण्याची भीती दाखवून, एकटं पाडून दिलेला त्रास हाही हल्लाच असतो आणि मुलींमध्ये तो ठळक दिसतो. तोवर शाळेतली भांडणं मोजणारे बहुतेक लोक गुद्देच मोजत होते. आपल्या शाळांच्या शिस्तीच्या वहीत आजही बहुधा गुद्देच लिहिले जातात.

सकाळी 7

बोईसर. स्टेशनबाहेर सहा आसनी रिक्षा मिळते. वाऱ्याची दिशा जशी असेल तसा कंपन्यांचा वास येतो. पाहुण्यांना तो झोंबतो, आमच्या मुलींना तो वास आहे हेही कळत नाही. एका मुलीच्या हाताला येणारा मासळीचा वास मात्र त्यांना बरोब्बर कळतो.

माझ्या मंचातल्या मुली वारली आहेत, मल्हार कोळी आहेत, किनाऱ्यावरच्या गावांतल्या मांगेला आहेत. काहींचे वडील धुळे-नंदुरबारकडून कारखान्यात आले, काहींचे उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, ओडिशातून. घरी अहिराणी, भोजपुरी, वारली, मांगेली. शाळेत प्रमाण मराठी. चिडवायला कारणं शोधावी लागत नाहीत. बोलण्याचा हेल, रंग, डोक्यात उवा, उसवलेला गणवेश, बापाची दारू, एखादीला इतरांआधी आलेली पाळी. वर्गात सगळ्यांत लवकर उंच झालेल्या मुलीला किती टोपणनावं पडतात ते मी लिहूही शकत नाही.

सकाळी 8.15

परिपाठ आटोपला. मुली शाळेमागच्या जांभळाखाली गोल करून बसल्या. सुरुवात खेळाने होते आणि खेळ ठरलेला असतो: मामाचं पत्र हरवलं.

या खेळावर माझा जीव आहे आणि त्याचं कारण सांगते. खेळ सगळ्यांना येतो. एक मुलगी रुमाल घेऊन गोलाभोवती पळते, कुणाच्या तरी पाठीमागे तो टाकते, जिच्यामागे पडला तिने उठून तिला पकडायचं. रुमाल कुणामागे टाकायचा हे पळणारी ठरवते, आणि तिथेच सगळं दिसतं. मैत्रिणी मैत्रिणींनाच पत्र टाकतात. काही जणींच्या मागे ते पुन्हा पुन्हा पडतं. कुणामागे ते कधीच पडत नाही. ती मुलगी दर वेळी पाठीमागे हात फिरवून बघते. पहिल्यांदा पटकन, मग जरा उशिराने, आणि शेवटी हात फिरवतच नाही, मांडीवर ठेवून देते.

वर्गातली नाती कागदावर काढायची पद्धत जेकब मोरेनो यांनी 1930 च्या दशकात रूढ केली: कोण कुणाला निवडतं त्याचे बाण काढायचे आणि ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो शोधायचा. मला कागद लागत नाही. मी झाडाला टेकून उभी राहते आणि बघते. आज मासळीवालीच्या मुलीमागे रुमाल पडला नाही हे अपेक्षित होतं. पण आणखी एक होती. वीटभट्टीवरून आईबापांबरोबर परत आलेली, मधले महिने शाळेत नसलेली. तिला कुणी चिडवत नाही. तिच्याकडे कुणाचं लक्षच नाही. या दोन दुःखांना एकच औषध लागू पडत नाही, हे मुलींबरोबर काम करताना ध्यानात ठेवावं लागतं. पहिलीच्या भोवतीच्या मुलींशी बोलायला हवं. दुसरीला एखादं काम, एखादी जोडीदारीण मिळाली तरी ती रुळेल. तिला मी लगेच डबे मांडायला बोलावलं, आणि दुसऱ्या एका बडबडीला तिच्या मदतीला दिलं.

सकाळी 8.45

बैठकीचे नियम मुलींनी स्वतः सांगायचे असतात. नाव घ्यायचं नाही, गोष्ट सांगायची. कुणी रडली तर थांबायचं, हसायचं नाही. इथलं बाहेर जाऊन पसरवायचं नाही. एक नियम मी माझा सांगते: कुणाच्या अंगाला हात लागला असेल, कुणी घाबरवत असेल, तर ते मी गुपित ठेवणार नाही, मदत करू शकतील त्यांना सांगणार. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मी मुलींना कधीच देत नाही. पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहेच; कायदा नसता तरी पाळता न येणारं वचन मुलीला देऊ नये. भिंतीवर मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा आकडा मोठा लिहिलाय आणि तो सगळ्यांना पाठ आहे.

मग चिंचोके. वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात, पडद्याआड चार डबे. पहिल्यावर लिहिलंय ‘मला त्रास झाला’, दुसऱ्यावर ‘मी त्रास दिला किंवा हसले’, तिसऱ्यावर ‘मी बघत राहिले’, चौथ्यावर ‘मी तिच्याजवळ गेले’. एकेकीने जायचं, या आठवड्यात जे जे झालं असेल त्या त्या डब्यात एकेक चिंचोका टाकायचा. कुणी बघत नाही, अक्षर ओळखू येत नाही. नाव विचारलं की या वयात मुली एकतर खोटं बोलतात किंवा गप्प बसतात. चिंचोका मात्र खरं बोलतो.

डबे गोलात आणून पालथे केले. तिसऱ्या डब्याचा ढीग पडला. पहिल्यातही बरेच होते, दुसऱ्यात थोडे, चौथ्यात अगदी चिमूटभर. मी काहीच बोलले नाही. मुली आपणहून मोजायला लागल्या. मग एक म्हणाली, “बाई, म्हणजे बघणाऱ्याच जास्त आहेत.”

आजची बैठक मला इथवर आणायची होती.

सकाळी 9.10

छळणाऱ्या मुलीला उभं करून झापणं सोपं असतं. तिला सगळ्यांसमोर ‘सॉरी’ म्हणायला लावलं, दोघींना हात मिळवायला लावले, की मोठ्यांना काम झाल्यासारखं वाटतं. मला ही पद्धत मान्य नाही. समोर बाई असताना मिळवलेला हात शाळेच्या फाटकाबाहेर सुटतो आणि मग तक्रार केल्याचं उट्टं वेगळं काढलं जातं. सोसणाऱ्या मुलीला ‘तू लक्ष देऊ नकोस’ हा सल्ला देणं तर त्याहून वाईट. ती लक्ष देते म्हणून हे होत नसतं. बाकीच्या हसतात म्हणून होतं.

कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर हॉकिन्स, पेप्लर आणि क्रेग या संशोधकांनी कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून हे प्रकार टिपले. 2001 मध्ये त्यांनी मांडलेले आकडे मी मुलींना फळ्यावर लिहून दाखवते: 88 टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. 19 टक्के प्रसंगांत त्यांच्यातलं कुणी मध्ये पडलं. आणि जेव्हा पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा सगळा प्रकार 10 सेकंदांत थांबला. सातवीच्या मुलींना टक्केवारी येते. त्यांनी स्वतःच हिशोब केला की पाचांतल्या चार वेळा कुणी काहीच करत नाही. मग आम्ही दहा आकडे मोजून बघितले, मोठ्याने. एवढासाच वेळ!

पण दहा सेकंदांत करायचं काय? इथे मुलींना नुसतं ‘धीट व्हा’ सांगून भागत नाही. एकीने नेमकं विचारलं, “बाई, मी तिच्याशी बोलले तर माझ्याशीपण कट्टी करतील, मग?” तिची भीती खरी आहे. पुढची वेळ आपली असू शकते, हे प्रत्येकीला ठाऊक असतं. हसणाऱ्यांतल्या निम्म्या तरी त्या भीतीनेच हसतात. म्हणून आमचा नियम जोडीचा. एकटीने जायचं नाही, दोघींनी जायचं. त्रास देणारीशी वाद घालायचा नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. जिला त्रास होतोय तिला हाक मारायची.

मग सराव. प्रसंग मी दिला, पण पंगतीचा मुद्दाम नाही दिला. ती मुलगी गोलात बसलेली होती, आणि तिच्या दुखण्याचं नाटक तिच्यासमोर करायला लावणं मला चालणार नाही. मी लंगडीच्या खेळातून एकीला वगळल्याचा प्रसंग दिला. मुलींनी आपापली वाक्यं शोधली. “चल गं, नळावर येतेस?” “मला गणित दाखव ना जरा.” “इथे बस, जागा आहे.” एका वारली मुलीने तेच आपल्या बोलीत म्हटलं आणि गोलातल्या दुसऱ्या दोघींचे चेहरे खुलले. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग भोजपुरीत झालं, अहिराणीत झालं. ज्या बोलण्यावरून एरवी खिदळतात, तेच बोलणं आज मुली एकमेकींकडून शिकून घेत होत्या.

सकाळी 10

बैठक संपली की मी मुद्दाम रेंगाळते. कुणीतरी मागे राहतंच. आज राहिली ती सोसणारी नव्हती, हसणारी होती. खडू गोळा करत करत म्हणाली, “बाई, आमच्या घरीपण मासे करतात. पण ते मी सांगितलं नाही.” मी विचारलं, आता काय करावंसं वाटतं? तिने खांदे उडवले. मीही जास्त ताणलं नाही.

सकाळी 10.45

पंगत. खिचडीचा टोप आला. मी वाढायला उभी राहिले म्हणजे सगळी ओळ दिसते. मासळीवालीची मुलगी टोकाला बसली. थोड्या वेळाने दोघी जणी ताटं घेऊन आल्या, जरा घुटमळल्या आणि तिच्या समोर बसल्या. शेजारी नाही, समोर. पलीकडच्या गटातून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, हसण्याचा आवाज आला, पण बुधवारएवढा नाही. समोरच्या दोघींतली एक हळू आवाजात तिला म्हणाली, “लोणचं हवंय?” तिने मान हलवली, हो म्हणून. पुढे तिघी काहीच बोलल्या नाहीत, मुकाट जेवल्या.

ज्यांना यात काही घडलंच नाही असं वाटेल, त्यांनी बुधवारची पंगत आठवावी.

सकाळी 11.30

शाळा सुटली. शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, “मुली आहेत हो. सकाळी भांडतात, संध्याकाळी गळ्यात गळे.” भांडणाबद्दल त्यांचं म्हणणं खरं आहे. कट्टी-बट्टी ही मुलींच्या वाढीचाच भाग आहे आणि त्यात मोठ्यांनी नाक खुपसू नये, असं माझंही मत आहे. पण भांडणात दोघी सारख्या असतात. नॉर्वेत 1983 मध्ये शाळांतल्या छळाविरुद्ध पहिली देशव्यापी मोहीम झाली. तिच्यामागे ज्यांचं संशोधन होतं त्या दान ओल्वेउस यांनी तीन खुणा सांगितल्या होत्या: त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिलेला असतो आणि सोसणाऱ्याकडे परत फेडण्याची ताकद नसते. बुधवारी पंगतीत या तिन्ही होत्या. एकीविरुद्ध अख्खी ओळ, याला भांडण म्हणत नाहीत.

सखी सावित्री समिती 2022 पासून प्रत्येक शाळेत असायला हवी, तक्रारपेटीही लावलेली असते. दोन्ही हव्यातच. पण बारा वर्षांची मुलगी ‘माझ्या शेजारी कुणी बसत नाही’ असं लिहून पेटीत टाकत नाही. तिला ती तक्रार वाटतच नाही, आपलीच काहीतरी खोट वाटते. ती मोठ्यांनी डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे.

दुपारी 12.30

ताट सरकवायला सुरुवात जिने केली तिच्या घरी. मुलगी मला आवडते, हे सांगून टाकते. हुशार आहे, कबड्डीत चपळ आहे, वर्गाची मॉनिटर आहे, बाईंचं काम धावत जाऊन करते. या वयात गट चालवणाऱ्या मुली पुष्कळदा अशाच असतात, मोठ्यांच्या लाडक्या. म्हणून त्यांच्यावर कुणाचा संशय जात नाही.

घरी जाऊन बोलायची सवय या भागाच्या पाण्यातच आहे. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. त्या आणि अनुताई वाघ यांनी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. इथून डहाणूकडे जाताना मला ते नेहमी आठवतं. मूल आपल्याकडे आणून बसवण्याआधी ते जिथे राहतं तिथे जाऊन बसायचं.

चाळीतली एक खोली, बाहेर पिंप, दारात चपलांचा ढीग. आई धुळ्याकडची, एका कारखान्यात पॅकिंगला ठेकेदाराकडे कामाला. आज तिची सुट्टी. मी चहा घेतला, मुलीचं कौतुक केलं, ते खोटं नव्हतं. मग पंगतीतलं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, तिने मारलं का कुणाला? शिवी दिली?” नाही म्हटलं. “मग?”

मी विचारलं, “ताई, तुम्ही कंपनीत डबा कुणाबरोबर खाता?”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आम्ही ठेक्यावरच्या वेगळ्या बसतो. कायमवाल्या बायका आमच्याजवळ बसत नाहीत. कुणी काही बोलत नाही, पण बसत नाहीत.” मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे न बघता आई पुढे म्हणाली, “पहिल्या महिन्यात मी डबा परत आणायची. भरलेला.”

त्यावर मी काही जोडलं नाही. मुलीशी मी सोमवारी एकटीशी बोलणार आहे, दम न देता. स्वीडनचे अनातोल पिकास ज्या पद्धतीने जायचे ती मला पटते: तू हे केलंस असं म्हणायचं नाही, ती मुलगी एकटी पडली आहे, तुझ्या लक्षात आलंय का, तू काय करू शकशील, असं विचारायचं आणि आठवड्याने पुन्हा विचारायचं. गट चालवायची ताकद जिच्यात आहे, तिच्या एका ताटाने पंगत जुळते.

मासळीवालीच्या घरी मी अजून गेलेले नाही. मुलीने नको म्हटलंय. आईला कळलं तर ती मला टोपली उचलू देणार नाही, म्हणाली. आईला मदत करणं ही तिच्या अभिमानाची गोष्ट आहे आणि ती हिरावून घ्यायचा मला अधिकार नाही. ती हो म्हणेल तेव्हा जाईन.

दुपारी 3.10

परतीची लोकल. जागा मिळाली. नोंदवहीत लिहिते: रुमाल कुणामागे पडला नाही, डब्यांतला अंदाज, पंगतीत कोण कुठे बसलं. मुलींची नावं न लिहिता खुणा लिहिते. वही कुणाच्याही हाती लागू शकते.

रात्री 8.30

आठवीतल्या एका मुलीच्या आईचा फोन. मुलीने आईच्या मोबाईलवर वर्गातल्या मुलींचा ग्रुप केलाय आणि त्यात एकीला घेतलेलं नाही. तिच्या फोटोवर चिकटवलेली चित्रं फिरताहेत. आईला भीती होती की मी मुलीवर रागावेन. मी त्यांना फोन केल्याबद्दल धन्यवाद दिले आणि सांगितलं की स्क्रीनशॉट ठेवा, पुढे कुणाला पाठवू नका, मोबाईल हिसकावून घेऊ नका. हिसकावला की पुढच्या वेळी ती तुम्हाला दाखवणार नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत आधी त्या फोटोतल्या मुलीला भेटायचं, तिला काय हवंय ते विचारायचं, मग मुख्याध्यापकांना आणि समितीला सांगायचं. मॉनिटर मुलीशी बोलायचं ते त्यानंतर, शेवटच्या तासाला. पुढच्या शनिवारी मुलगेही गोलात येणार आहेत, तेव्हा चिंचोके जास्त लागतील. शेजारच्या काकूंकडे मागून ठेवले आहेत.